लाह्यांवर मासे येईनात

पाणी उपसायचं इंजिन विहिरीवर बसल्यापासून ते चालू करायचं हँडल नागुबाईच्या ट्रंकेत असायचं, शालूच्या घडीखाली. शालूला काळं ग्रीस लागलं तरी तिनं जागा बदलली नाही. सकाळी गडी मागायला आला की ती सावकाश उठायची, ट्रंक उघडायची आणि प्रसाद द्यावा तसं दोन्ही हातांनी ते हँडल त्याच्या ओंजळीत ठेवायची. घराच्या किल्ल्या सासूच्या कमरेवरून तिच्या कमरेला यायला अर्धी हयात गेली होती. हँडल मात्र थेट तिच्याच हातात आलं होतं.

नागुबाई हिशेबाची बाई. पैशाचा हिशेब वीरुपाक्षअप्पा, तिचा नवरा, ठेवायचा आणि विसरायचा. तिचा हिशेब माणसांचा. कोण आपल्याकडं पाटावर बसून जेवलं, कोण उभ्या उभ्या गूळपाणी घेऊन सटकलं, कोणाचा टोमणा फेडायचा राहिलाय, सगळं डोक्यात. जमेला जमा, नावेला नावे.

कोकिळाच्या, म्हणजे थोरल्या लेकीच्या लग्नाच्या आठवड्यात मात्र हा हिशेब जुळेना. ओढ्याकाठच्या उंबरावरचं मोहोळ उठलं आणि येऊन माडीच्या तुळईला बसलं. न्हाणीत बेडकं इतकी झाली, की पोखर्णीचे पाहुणे अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर पळाले. वानरांनी मांडवाच्या दारी बांधलेले केळीचे खुंट सोलून खाल्ले आणि वर बसून लग्नघर न्याहाळू लागली. पाण्याच्या रांजणाच्या बुडाशी एक धामण गारव्याला येऊन पडली ती उठेचना.

नागुबाईनं एकेक गोष्ट एकेकाच्या नावावर टाकली. मोहोळ जावेच्या दृष्टीचं. वानरं धाकट्या दिराच्या बद्दुआची, कारण इंजिन आल्यापासून त्याची मोट विहिरीच्या काठावर वाळून कडक झाली होती. बेडकं तिनं मुंबई राज्याच्या नावावर मांडली.

"हैद्राबादेत होतो तवा न्हाणीत बेडूक नव्हता," ती म्हणाली. जिल्हा मुंबईकडं जाऊन अजून पहिला उन्हाळाही सरला नव्हता.

तिकडं इंजिन रात्रंदिवस फटफटत होतं. मांडवाशेजारचा नवा हौद काठोकाठ भरून सांडत होता, सांडलेलं पाणी नव्या उसात जात होतं, आणि ते सांडणंच तर दाखवायचं होतं. जिंतूरच्या व्याह्यांना इंजिन दिसायच्या आधी ऐकू आलं पाहिजे, हा नागुबाईचा हुकूम. विहीणबाई बायनाबाई इंतजाम बघायला म्हणून लग्नाच्या आधीच येऊन ओसरीवर बसली होती. बाई बोलायची कमी आणि बघायची फार. अशा माणसाचा हिशेब मांडता येत नाही, म्हणून नागुबाई तिला जरा वचकून होती.

लग्नाच्या आदल्या सकाळी हळदीचं पाणी आणायला सवाष्णी निघाल्या. पुढं सनई, मागं घागर डोक्यावर घेतलेली धाकटी जाऊ धुरपदाबाई, तिच्यामागं नागुबाई आणि विहीण.

या घरात हळदीला विहिरीचं पाणी चालत नसे. शेताच्या उतारावर, ओढ्याच्या वळणाला, उंबराच्या मुळाखालून झरा निघायचा. तिथलंच लागे, तेही तपासून. डोहात ज्वारीच्या लाह्या टाकायच्या. आतले बारके मासे वर येऊन लाह्या ओढू लागले, की पाणी जितं, मग घागर बुडवायची. मासे आले नाहीत तर घागर रिकामी परत आणायची आणि हळद थांबवायची. थांबवायची वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळं रीतीचा हा शेवटचा भाग सगळ्यांना नुसता ऐकून ठाऊक. मांसमच्छीला न शिवणाऱ्या लिंगायताच्या घरात लेकीबाळींची लग्नं माशांच्या मर्जीनं लागत आली होती, आणि यात कोणाला काही नवल वाटत नव्हतं.

डोहाशी पोचल्यावर सनई आपोआप थांबली. डोह कुठं होता? उंबराच्या मुळाशी परातभर गढूळ पाणी आणि भोवती भेगाळलेला चिखल. उंबराखाली सगळीकडं हिरवी फळं पडलेली, पिकायच्या आधीच गळालेली. सुगरणींनी घरटी अर्धी विणून टाकून दिलेली.

त्या फळांच्या सड्यात बाज टाकून चन्नबसम्मा बसली होती. ही वीरुपाक्षअप्पाची थोरली बहीण, नागुबाईची नणंद. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा बापानं झऱ्याची ही पट्टी तिला चोळीबांगडीला दिली. इथली जांभळं, इथलं अळू, इथल्या शेळ्या, यावर ती कोणाच्या दाराशी न जाता ताठ जगली होती. नागुबाईच्या हिशेबात तिच्या नावापुढं टोमण्यांची थकबाकी सगळ्यात मोठी.

धुरपदाबाईनं लाह्या टाकल्या. लाह्या पाण्यावर पसरल्या आणि तशाच राहिल्या.

"वन्सं," नागुबाई म्हणाली, "मासे कुठं गेले?"

"मला इचारून जात न्हाईत ते."

"आज लाह्यांचा दिवस. तुमी बघायचं व्हतं."

"पाडव्यापासून बघायलेय की. तुलाबी सांगायलेय. तुझी विहीर वरच्या अंगाला, माझा झरा खालच्या. तू इंजिन लावून वरून वढायलीस, तर हितं खाली काय उरंल?"

"विहिरीचं पाणी विहिरीत, झऱ्याचं झऱ्यात."

"मातीला कुठं म्हाईत हाय, कोणाचं कोणतं ते," चन्नबसम्मा म्हणाली. "पाऊस नसताना हा ओढा कशावर वाहतो गं? ह्याच पोटातल्या पाण्यावर. त्याच्यावर हा उंबर, उंबरावर मोहोळ, पाखरं, वानरं. बेडकं तर समदीच गेली. कुठं गेली देव जाणे."

कुठं गेली ते देवाइतकंच नागुबाईलाही माहीत होतं. मोहोळ कुठं गेलं तेही. वेगवेगळ्या नावांवर टाकलेलं सगळं उसळून एकाच नावावर येऊन बसलं, आणि ते नाव तिचं स्वतःचं निघालं. मागं विहीण उभी होती. नागुबाईनं पदर सावरला.

"ऊन चढलंय," ती म्हणाली. "मासे झोपले असतील. संध्याकाळी येऊ."

"या की," चन्नबसम्मा म्हणाली. "उठवून ठेवते."

सनईवाल्याला हसू आवरेना, म्हणून त्यानं सनई तोंडाला लावली. वाजली नाही ती.

घरी आल्यावर कोठीच्या खोलीत, दार लोटून, घरातल्यांची बैठक बसली. बाहेर विहीण, म्हणून सगळे कुजबुजून भांडत होते.

"इंजिन बंद करू," वीरुपाक्षअप्पा म्हणाला.

"अवो, तिला दावायला तर लावलंय. उद्या वऱ्हाड येणार, अन् आज बंद?"

"मग चालू ठेवू." वीरुपाक्षअप्पा नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूचा असे.

बसवराज, धाकटा भाऊ, ज्वारीच्या पोत्यावर बसून मजेत पाय हलवत होता. "माझ्या मोटेनं कधी मासे पळवले न्हाईत, दादा. बैल दमायचे, मी दमायचो, तोवर पाणी परत भरायचं. तुमचं इंजिन दमतच न्हाई, त्याला कोण काय करणार?"

नागुबाईनं जावेकडं पाहिलं. धुरपदा नवऱ्याची री ओढणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. पण धुरपदानं नवऱ्यालाच झाडलं.

"हसू नका. आज कोकिळीची हळद अडली, तर सगळीकडं बोभाटा व्हईल, की ह्या घरचं पाणी मेलं. उद्या आपल्या पोरीला कोण इचारील? जाऊबाई, मासे यायला पायजेत. कुठूनबी."

"कुठूनबी म्हंजी?"

"म्हंजी आणायला पायजेत."

 मग सगळ्यांनी बसवराजाकडं पाहिलं, कारण दुधना नदीवर मासे धरणाऱ्या भुजंग भोयाशी त्याची उठबस आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कधी बोललं नव्हतं.

"आणीन की," बसवराज म्हणाला. "पण वैनीनं म्हनलं पायजे."

"काय म्हनू?"

"भावजी, मासे आणा. एवढंच."

लिंगायताच्या सुनेनं, गळ्यात लिंग असताना, लग्नाच्या आदल्या दिवशी हे वाक्य बोलायचं. नागुबाईनं पदर तोंडाशी नेला आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "भावजी, मासे आणा."

"ऐकू न्हाई आलं."

"इंजिन बंद कर मग," वीरुपाक्षअप्पा म्हणाला, आणि तिघांनी त्याला गप्प केलं.

दुपारी बसवराज मागच्या दारानं तांब्याची घागर घेऊन आला. वर केळीचं पान. "भुजंग इचारायला, किती शेर देऊ? म्या म्हनलं, जिते पायजेत. तर म्हनतो, आप्पा, नवेच दिसताय. जित्यापनीच खाल का काय?"

नागुबाईनं पानाचा कोपरा उचलला. आत काहीतरी तिच्याकडं वळलं. तिनं कोपरा सोडला. बेत सोपा होता: दिवेलागणीला घागर शालूखाली झाकून झऱ्यावर न्यायची, पुढं लाह्या, मागून मासे. तोवर घागर पाण्याच्या खोलीत, इतर घागरींच्या रांगेत.

घात केला तो धुरपदाबाईच्या शहाणपणानं. एकाच घागरीवर पान दिसलं, तर कोणीतरी उघडून बघेल. म्हणून तिनं रांगेतल्या सगळ्याच घागरींवर केळीची पानं घातली. मग हे नागुबाईला सांगायचं राहून गेलं, कारण वानरं परत मांडवात आली होती.

उन्हं कलल्यावर अय्यास्वामींची पाद्यपूजा होती. अय्या म्हणजे घराचे जंगम गुरू, वालूर गावाकडचे, वयानं वाळून खारकेसारखे झालेले आणि लेकरासारखे हसरे. ओसरीवर पाट मांडला, परात ठेवली, अय्यांनी पाय परातीत घेतले.

"पाणी मी घालते," बायनाबाई म्हणाली. आल्यापासून तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. नाही कसं म्हणायचं? ती आत गेली, रांगेतली पहिली घागर उचलून घेऊन आली, पान बाजूला सारलं आणि धार धरली.

नागुबाईनं ते पाहिलं, पण ओरडायला शब्द सापडेना. "थांबा" म्हटलं तर का, आणि "मासे" म्हटलं तर संपलंच.

पाणी पडलं, आणि पाण्याबरोबर तेही पडले. काळे, चकचकीत, परातीत सळसळ करत. एक अय्यांच्या घोट्याभोवती फिरला, दुसऱ्यानं अंगठ्याला तोंड लावून पाहिलं.

अय्यांना गुदगुल्या होत होत्या. त्यांनी आधी ओठ आवळले, शिवनामाचा जप सुरू केला, मग जपात हसू शिरलं, आणि पुढं नुसतं हसू उरलं. पाय मात्र त्यांनी बाहेर काढले नाहीत. 

"इहीणबाई," बायनाबाई शांतपणानं म्हणाली, "हे मासे हायत."

"व्हय."

"तुमच्या पाण्यात."

नागुबाईनं शेवटचा डाव टाकला. "झऱ्याचं पाणी हाय ते. जितं."

"झरा सकाळी मी बघितला." बायनाबाईनं परातीत वाकून पाहिलं. "अन् ह्याला मिशा हायत. परातभर पाण्यात हा मावला कुठं?"

मागं बसवराज खोकला. वीरुपाक्षअप्पा खांबाच्या आड गेला. तेवढ्यात चन्नबसम्माही झऱ्यावरून येऊन दारात उभी होती. आता ही बोलणार आणि उरलेली अब्रू मांडवाबाहेर जाणार, हे नागुबाईनं मनाशी धरलं. पण नणंद नुसती बघत राहिली. बोलायचं ओझं तिनं भावजयीवरच टाकलं होतं.

"इंजिनानं झरा आटवला," नागुबाई म्हणाली.  "मासे दुधनेवरून आणले. तुमाला इंजिन दावायचं व्हतं, म्हनून रातंदिस चालू ठिवलं. गलती माझी. पोरीला शिक्षा नको."

बायनाबाईनं घागर खाली ठेवली.

"इंजिन आमच्याकडं हाय की," ती म्हणाली. "दोन हायत."

नागुबाईला हे कुठं मांडावं कळेना.

"आमच्या मळ्याखालचा ओढा आटला, त्यालाबी लय दिवस झाले. काठच्या चिंचा वाळल्या. मोर यायचे, ते गेले. म्हशीला बसाया डबकं न्हाई. घरात कोण ऐकंना. मग पोराला मुलगी बघायला निघाले, तवा कळलं, की एक घर हाय, लेकीच्या हळदीला माशांना इचारतंय. म्हनलं, तिथलीच सून आणावी. पाण्याला इचारणारं एक तरी माणूस घरात यील." एवढं ती बहुधा वर्षातून एकदाच बोलत असावी. "म्या झरा बघून व्हय म्हनले व्हते. इंजिन बघून न्हाई."

अय्यांनी डोळे पुसले, पाय अजून परातीतच. "मग माशांनाच विचारू," ते म्हणाले. "उद्या सकाळी. तोवर इंजिनाला निजू द्या. आले मासे, तर हळद आणि लगेच लग्न. नाही आले, तर?"

"तर फुडची तीथ," बायनाबाई म्हणाली. "रीत तुमचीच हाय. म्या कशी मोडू?"

नागुबाई आत गेली, ट्रंकेतलं काही तिनं घेतलं नाही. इंजिन बंद करायला हँडल लागत नाही. ती स्वतः विहिरीवर चालत गेली आणि गड्याला म्हणाली, "बंद कर." फटफट थांबली. त्या शांततेत सगळ्या शिवाराचे कान उघडल्यासारखे झाले. कुठंतरी होला घुमत होता, तो इतके दिवस घुमतच असणार. बसवराज मिशीवाले मासे परत दुधनेला सोडायला निघाला, आणि जाता जाता म्हणाला, "वैनी, आता ह्यांना सोडा म्हना."

"सोडा, भावजी."

"ऐकू आलं."

सकाळी, ऊन पडायच्या आत, सगळं घर उतारावर उतरलं. या वेळी बायकाच नव्हे, पुरुषही. पोखर्णीचे पाहुणे, वाजंत्री, अय्या बैलगाडीत बसून. कोकिळालाही बाहेर काढलं होतं, कारण तिनं म्हटलं, लगीन माझं हाय, मासे मला बघायचेत.

उंबराच्या मुळाखाली पाणी परत आलं होतं. फार नाही, पोटरीएवढं, पण नितळ. चिखलाच्या भेगा मिटल्या होत्या. खेकड्यांच्या बिळातून बुडबुडे येत होते. चन्नबसम्मा बाजेवर नव्हती. ती काठाला गुडघ्यावर बसली होती, आणि तिचा चेहरा पाहून नागुबाईला कळलं, तिलाही खात्री नव्हती.

धुरपदाबाईनं लाह्या टाकल्या.

लाह्या तरंगल्या. सगळे वाकले. सनईवाला श्वास भरून तयार, गाल फुगलेले.

"हालली," वीरुपाक्षअप्पा म्हणाला.

"वारा," बसवराज म्हणाला.

लांब पायांचा एक किडा पाण्यावरून सरकत गेला, लाहीला हुंगून पुढं गेला. सनईवाल्याचे गाल लाल झाले. नागुबाईला आठवेना, की आपण कोणाकडं काय बाकी ठेवलंय. उंबर, नणंद, बेडकं, दीर, सगळ्यांना तिनं मनातल्या मनात माफ करून टाकलं, आणि आपल्यालाही कोणीतरी करावं म्हणून पाण्याकडं बघत राहिली.

मग मुळाच्या आडून, जिथं कपारीत अंधारं पाणी आटता आटता राहिलं असणार, तिथून नखाएवढं काहीतरी आलं. आलं, थांबलं, आणि लाहीला खालून धक्का दिला. लाही उलटली. मग दुसरा आला. मग पाणी बारीक पाऊस पडल्यासारखं टिपटिपू लागलं, आणि लाह्या इकडून तिकडं पळू लागल्या.

सनईवाल्यानं कोंडलेला श्वास एकदम सोडला. असा बेसूर सूर त्या शिवारात आधी वाजला नव्हता, आणि एवढा गोडही. अय्या गाडीतून खाली उतरायला बघत होते. कोकिळा हसता हसता रडत होती. बायनाबाईनं कोणाला न विचारता घागर घेतली आणि बुडवली.

हळद लागली. लग्न लागायच्या आधी नवरीच्या आत्याचा मान. नागुबाईनं चन्नबसम्मापुढं नवं लुगडं धरलं, जरीकाठाचं, कुठंही कमी पडणार नाही असं निवडलेलं.

"लुगडं नको," चन्नबसम्मा म्हणाली. "ट्रंकेतलं दे."

"शालू?"

"शालूखालचं."

मांडवात कोणाला काही कळलं नाही. घरच्यांना सगळं कळलं. धुरपदाबाई जाऊबाईकडं बघत होती, वीरुपाक्षअप्पा शेवटी कोण बोलतं याची वाट बघत होता.

"अन् ऊस?" नागुबाईनं विचारलं.

"पाडवा ते मिरग, हँडल माझ्यापाशी. तेवढ्यात मोटेवर जगंल तेवढा जगंल. पाऊस पडला, ओढा भरला, की तुझं तुला." तिनं लुगडं हातानं मागं सारलं. "माझी चोळीबांगडी हाय ती, नागू. दुसरं काय हाय माझ्यापाशी?"

बसवराज तोवर बैलांकडं चालू लागला होता. मोट भिजवून मऊ करायला दिवस लागतो.

नागुबाई आत गेली. शालू नेसली, आज नेसायचाच होता, आणि त्याखालचं हँडल दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणलं. चन्नबसम्मानं ओटी पुढं केली. लोखंडाच्या भारानं पदर खाली ओढला गेला, पण तिनं तो मुठीत घट्ट धरला आणि तशीच, हँडल गुडघ्यावर आपटत, नवरीच्या मागं जाऊन उभी राहिली.

मंगलाक्षतांच्या वेळी नागुबाईच्या लक्षात आलं, की शालूच्या पदरावर, ऐन समोर, काळा डाग आहे. तिनं हात ठेवून तो झाकला. शेजारी उभ्या बायनाबाईनं तो हात बाजूला केला आणि डाग नीट बघितला.

"निघत न्हाई ते," विहीण हळूच म्हणाली. "माझ्याबी शालूला हाय."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, आणि लग्न लागताना, अक्षता पडत असताना, वधूमाय आणि वरमाय पदर तोंडात कोंबून हसत राहिल्या.